रोटेनबुर्ग: वेशीच्या आत तीन दिवस

जर्मनीत रोटेनबुर्ग एकच नाही, त्यामुळे पहिली चूक तिकीट काढतानाच होते. एक फुल्डा नदीवर आहे, दुसरं ब्रेमेनजवळ व्युमे नदीवर, आणि नेकारकाठी रॉटेनबुर्ग नावाचं आणखी एक. तटबंदीचं, लाल कौलांचं, कॅलेंडरवर झळकणारं गाव ते ‘रोटेनबुर्ग ओब डेर टाउबर’, म्हणजे टाउबर नदीच्या वरच्या अंगाला वसलेलं. यंत्रावर किंवा ॲपवर नदीचं नाव वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

दुसरी चूक वेळेची. बहुतेक सहली या गावाला चार तास देतात. सकाळी अकराच्या सुमारास बस येतात, दुपारी चार-पाचला निघतात, आणि त्या वेळात चौकातल्या दुकानांपलीकडे फारसं काही दिसत नाही. इथे दोन रात्री राहावं. खाण्यासाठी तर राहावंच, कारण इथले खरे पदार्थ वार आणि ऋतू बघून मिळतात, बसच्या वेळापत्रकावर नाहीत. गाव बायर्न (बव्हेरिया) राज्यात आहे, पण प्रांत फ्रँकोनियाचा. म्युनिकची पांढरी सॉसेजं शोधत बसू नये.

दिवस पहिला: फांजीवरून

फ्रँकफुर्टहून व्युर्त्सबुर्गपर्यंत जलद गाडीने साधारण सव्वा तास. तिथून प्रादेशिक गाडीने श्टाइनाख, आणि श्टाइनाखला उतरून छोट्या गाडीने शेवटची पंधराएक मिनिटं. न्युर्नबर्गकडून येणाऱ्यांनी आन्सबाखमार्गे श्टाइनाख गाठावं. ही छोटी गाडी साधारण तासाला एक असते. आधीची गाडी दहा मिनिटं उशिरा आली की श्टाइनाखच्या फलाटावर तासभर बसावं लागतं, आणि तिथे बसण्यापलीकडे करण्यासारखं काही नाही. पाण्याची बाटली आणि खाऊ जवळ असावा. व्युर्त्सबुर्ग किंवा न्युर्नबर्गपासून पुढे दोन ते पाच जण असतील तर ‘बायर्न-तिकीट’ स्वस्त पडतं. मात्र ते जलद आंतरशहरी गाड्यांना चालत नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच लागू होतं. आठ पंचावन्नच्या गाडीत ते दाखवलं तर विनातिकीट धरतात.

स्टेशन गावाच्या पूर्वेला, तटाबाहेर आहे. रोडरटोर या वेशीपर्यंत दहा-बारा मिनिटं चालत. आत सगळीकडे दगडी फरसबंदी, तीही उंचसखल. चाकांच्या बॅगेचे हाल होतात, पाठीवरची पिशवी बरी. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांसाठी तटाबाहेर पी-१ ते पी-५ असे वाहनतळ आहेत. आत गाडी नेण्यावर वेळेची बंधनं आहेत, त्यामुळे हॉटेलला आधी विचारून घ्यावं.

सामान टाकून दुपारी चारनंतर तटावर चढावं. सह्याद्रीतले किल्ले पाहिलेल्याला इथे नवे शब्द शिकावे लागत नाहीत. तटाच्या आतल्या बाजूने पहारेकऱ्यांनी फिरायची वाट ती आपली फांजी, बाण-बंदुकीसाठी ठेवलेल्या फटी त्या जंग्या. फरक एवढाच की इथली फांजी कौलारू छपराखाली आहे, म्हणजे पावसातही फिरता येतं. चालण्याजोगा भाग सुमारे अडीच किलोमीटरचा, वायव्येच्या क्लिंगेनटोरपासून पूर्वेच्या वेशींवरून दक्षिणेकडे. पश्चिमेला खाली टाउबरची दरी असल्याने तिथे कडा हाच तट. तिकीट नाही, फाटक नाही. पायऱ्या उभ्या आणि झिजलेल्या आहेत, ओल्या असल्या की घसरतात. छपराचे वासे सहा फुटी माणसाच्या कपाळावर येतात, आणि वाट एवढी अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने अंग चोरून उभं राहायचं. लहान मूल असेल तर कठड्याच्या फटी बघून चालावं. बाबागाडी वर नेण्याचा विचारही नको.

रोडरटोरच्या आसपास भिंतीत बसवलेल्या छोट्या दगडी पाट्या दिसू लागतात: माणसांची, कंपन्यांची, गावांची नावं आणि पुढे मीटरचा आकडा. बरीच नावं जपानी. या पाट्यांतच गावाचा अलीकडचा इतिहास आहे. ३१ मार्च १९४५ रोजी १६ अमेरिकी विमानांनी गावावर बॉम्ब टाकले. ३९ माणसं गेली, जुन्या गावाचा पूर्वेकडचा सुमारे ४० टक्के भाग जळाला आणि सहाशे मीटरहून जास्त तट कोसळला. पुढच्या महिन्यात अमेरिकी फौज वेशीशी आली तेव्हा युद्ध खात्याचे सहायक सचिव जॉन मॅक्लॉय यांना या गावाची ओळख होती. तोफा न डागता शरणागती मागण्याचा निर्णय झाला, जर्मन अधिकाऱ्याने हिटलरचा ‘शेवटपर्यंत लढा’ हा हुकूम बाजूला ठेवला, आणि उरलेलं गाव वाचलं. पडलेला तट नंतर जगभरच्या देणग्यांतून उभा राहिला. जेवढ्या मीटरचे पैसे, तेवढ्या मीटरची पाटी.

म्हणून ‘जसंच्या तसं मध्ययुगीन’ हे अर्धंच खरं. फांजीवरून खाली बघताना पूर्वेकडची घरं नीट न्याहाळावीत. छपरांचा उतार आणि गल्लीची रेषा जुनी ठेवली आहे, पण भिंती साध्या गिलाव्याच्या, खिडक्या एकसारख्या. तीच नजर पश्चिमेला हेर्नगासे या रस्त्याकडे नेली की जुने वाडे वेगळे कळतात. जे टिकलं ते गरिबीमुळे. १२७४ साली राजा रूडॉल्फने गावाला थेट सम्राटाच्या अखत्यारीतल्या मुक्त नगराचा दर्जा दिला, लोकरीवर आणि धान्यावर पैसा आला. १६३१ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धात, कॅथलिक सेनापती टिलीच्या सैन्याने गाव लुटलं आणि पुढे दोन शतकं जुनं पाडून नवं बांधायला कोणाकडे पैसाच नव्हता. एकोणिसाव्या शतकात चित्रकार आले, त्यांना ही जुनाट अवस्थाच आवडली, आणि १८९८ मध्ये गावकऱ्यांनी जुनं गाव जपण्यासाठी संस्था काढली. त्याच ‘आदर्श जर्मन गावा’च्या प्रतिमेचा नाझींनीही वापर केला, ऑक्टोबर १९३८ मध्ये इथल्या उरल्यासुरल्या ज्यू कुटुंबांना हाकलून देण्यात आलं.

तट संपतो तिथे दक्षिणेला श्पिटालबास्टाय हा इंग्रजी आठच्या आकाराचा बुरूज आहे. दोन गोल अंगणं आणि एकामागून एक दरवाजे, असे की शत्रू सरळ धावत आत येऊच शकत नाही. गोमुखी दरवाजाची युक्ती ज्याला माहीत आहे त्याला हे बांधकाम दोन मिनिटांत कळतं.

पहिल्या रात्रीचं जेवण साडेसहाला उरकावं. स्वयंपाकघर साधारण साडेअकरा ते दोन आणि साडेपाच ते साडेआठ एवढंच गरम जेवण देतं. नऊला गेलं तर दारू मिळेल, ताट मिळणार नाही. सोमवार-मंगळवारी बऱ्याच खानावळींचा ‘रुहेटाग’, म्हणजे साप्ताहिक सुट्टी असते. ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेल्या टेबलावर बसू नये, ते रोजच्या मंडळींचं असतं. टेबलावर ठेवलेली पाव-प्रेत्सेलची टोपली फुकट असेलच असं नाही. कित्येक ठिकाणी नगावर पैसे लावतात. साधं नळाचं पाणी मागितलं तर चेहरे बदलतात. बिल देताना बक्षिशीसह पूर्ण रक्कम तोंडाने सांगायची: २७ चं बिल असेल तर ‘ड्रायसिश’, म्हणजे तीस. पैसे टेबलावर ठेवून उठायची इथे रीत नाही. रोख युरो जवळ असावेत.

सुरुवात भाजलेल्या सॉसेजने करावी. फ्रँकोनियातली ब्राटवुर्स्ट डुकराच्या मांसाची आणि मार्जोरमच्या वासाची. न्युर्नबर्गची बोटाएवढी, सात ते नऊ सेंटिमीटरची, वीस-पंचवीस ग्रॅमची; ती सहा-आठ-दहाच्या हिशेबाने मागवतात. या भागातली त्याहून लांब, जाड आणि भरड. ती जोडीने येते. सोबत आंबवलेला कोबी आणि किसलेलं हॉर्सरॅडिश. या मुळाचा झटका नाकात जातो, मोहरी फेसल्यासारखा. हेच सॉसेज न भाजता कांदा, व्हिनेगर, तमालपत्राच्या पाण्यात हलकं उकळलं की ‘ब्लाउए त्सिप्फेल’ होतं. ते पाणी खळखळलं तर सॉसेज फुटतं आणि चव पाण्यात जाते.

हंगामात रात्री आठला बाजारचौकातून कंदील आणि भाला घेतलेला रात्रीचा पहारेकरी इंग्रजीत गाव फिरवतो, जर्मनमध्ये साडेनऊला. आधी नाव नोंदवायचं नाही, पैसे शेवटी रोख द्यायचे. सुट्टी नाणी ठेवावीत.

दिवस दुसरा: दगड, लाकूड आणि मैदा

सकाळी सातच्या आत प्लोनलाइन हा छोटा तिठा गाठावा. रस्ता दोन फाट्यांत फुटतो, डावा सपाट झीबर्सटुर्म या मनोऱ्याकडे, उजवा खाली कोबोल्त्सेलर वेशीकडे, आणि मध्ये ते तिरपं पिवळं घर. दहानंतर इथे फोटोसाठी रांग लागते. पाच मिनिटं पुरेत.

तिथून बुर्गगार्टनला जावं. इथे बाराव्या शतकातला राजवाडा होता, तो १३५६ च्या भूकंपात पडला असं सांगतात. आता बाग आणि एक छोटं चॅपेल उरलं आहे. बागेत शिरताना बुर्गटोर या वेशीची लाकडी दारं बघावीत. मोठ्या दारात माणूस वाकून जाईल एवढं लहान दार आहे, म्हणजे आपला दिंडी दरवाजा. रात्री वेस लागल्यावर उशिरा आलेल्याला तेवढंच उघडत. दारावरच्या मुखवट्याच्या तोंडातून उकळतं डांबर ओतत असत.

न्याहारीला राईचा आंबट पाव घ्यावा. या पावाचं पीठ जुन्या विरजणावर आंबवतात. कवच जाड, आतून ओलसर, आणि तो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. वजनात कमी पाव विकणाऱ्या बेकऱ्याला जुन्या काळी काय होई ते बुर्गगासेवरच्या मध्ययुगीन गुन्हेविषयक संग्रहालयात दिसतं: त्याला पिंजऱ्यात बसवून पाण्यात बुचकळत. तो पिंजरा तिथे ठेवला आहे. चुगलखोरांचे लोखंडी मुखवटे, भांडखोर बायकांच्या मानेत अडकवायच्या फळ्या, कायद्याची हस्तलिखितं असं खूप काही आहे. दोन तास ठेवावेत. आत सगळ्यात जास्त गर्दी ‘लोखंडी कुमारिके’पुढे असते, आणि तीच मध्ययुगातली नाही. खिळे असलेलं ते कपाट पुढच्या काळातली कल्पना आहे. कागदपत्रांची दालनं त्यापेक्षा कितीतरी मोलाची.

आता श्नेबाल, म्हणजे बर्फाचा गोळा. प्रत्येक काचेमागे रचलेला आणि प्रवाशांनी सर्वांत जास्त नावं ठेवलेला पदार्थ. नावं ठेवणाऱ्यांचं एक चुकतं: ते त्याला केक समजतात. तो चिरोट्याच्या आणि शंकरपाळ्याच्या कुळातला आहे. कोरडा, खुसखुशीत, मोहन घातलेला, आणि टिकण्यासाठीच केलेला. बंद डब्यात तो काही आठवडे राहतो.

पीठ असं. २५० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम गार लोणी, ३० ग्रॅम साखर, १ अंडं आणि ३ पिवळे बलक, ३ मोठे चमचे साय किंवा आंबट मलई, १ मोठा चमचा आलुबुखाराची दारू, चिमूटभर मीठ. खाण्याचा सोडा, यीस्ट काही नाही. दारू चवीपुरती नाही. पाण्याने मैद्याला ताण येतो, दारूने तितका येत नाही, आणि तळताना ती झटकन उडून जाते. म्हणून पट्ट्या कडक न होता खुसखुशीत होतात. पीठ पुरीच्या पिठाइतकं घट्ट हवं. अर्धा-पाऊण तास झाकून गार ठेवावं. एवढ्या पिठात साठ-पासष्ट ग्रॅमचे आठ गोळे होतात. प्रत्येक गोळा दोन मिलिमीटर जाडीचा गोल लाटायचा. नागमोडी कातण्याने एक-दीड सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या पाडायच्या, पण कड न कापता. दोन्ही टोकांना पट्ट्या जोडलेल्याच राहतात. मग लाकडी चमच्याचा दांडा एक पट्टी सोडून एक असा आडवा ओवायचा, उचलायचं, आणि सैलसर गोळा करून छिद्रं असलेल्या गोल लोखंडी चिमट्यात बंद करायचं. साधारण १७० अंशांच्या तुपात किंवा चरबीत चारेक मिनिटं, मध्ये एकदा उलटून.

बिघडतं ते तीन ठिकाणी. गोळा दाबून भरला की मधल्या पट्ट्या चिकटतात, बाहेरून रंग येतो आणि आत कच्चं पीठ राहतं. तेल जास्त तापलं तरी तेच. तेल थंड असेल तर गोळा तेल पितो, आणि असा गोळा आठवड्यात खवट होतो. साखर कोमट झाल्यावर भुरभुरायची. गरमावर टाकली तर विरघळून चिकट होते.

विकत घेताना पिठीसाखरेचा किंवा दालचिनी-साखरेचाच घ्यावा. चॉकलेट, पिस्ते, मार्झिपानचे थर अलीकडचे, आणि बहुधा कोरडेपणा झाकण्यापुरतेच. लहान आकार मिळत असेल तर तो बरा. ‘हॉयटे गेबाकन?’ म्हणजे आजचा आहे का, हे विचारायला लाजू नये. आणि चावू नये! कागदी पिशवीतच मुठीने फोडायचा, मग एकेक पट्टी कॉफीबरोबर खायची. चावणाऱ्याच्या शर्टावर साखर आणि रस्त्यावर अर्धा गोळा जातो. शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: अंडं असतंच, आणि तळण काही ठिकाणी डुकराच्या चरबीचं असू शकतं. ‘श्वाइनेश्माल्त्स?’ एवढा एक शब्द विचारला की उत्तर मिळतं.

दुपारी उन्हं कलल्यावर सेंट याकोब चर्च. १३११ मध्ये काम सुरू झालं, १४८५ मध्ये अभिषेक. आत शिरलं की समोर दिसते ती फ्रीडरिश हेर्लिनची १४६६ ची वेदी. तिच्या मागच्या बाजूच्या चित्रांत त्या काळचा इथलाच बाजारचौक रंगवला आहे, म्हणून वळसा घालून मागे जावं. पण खरं बघायचं ते वर आहे, आणि निम्मे लोक जिना न सापडल्याने ते न बघताच बाहेर पडतात. पश्चिम टोकाला, ज्याच्या खालून चक्क क्लिंगेनगासे हा रस्ता जातो त्या माळ्यावर, टिलमान रीमेनश्नायडरची ‘पवित्र रक्ताची वेदी’ आहे, साधारण १५०० ते १५०५ मधली. लिंबाच्या लाकडाचं कोरीव काम, आपल्या लिंबाचं नव्हे, लिंडन झाडाचं. रंग दिलेला नाही. मधोमध शेवटचं भोजन, आणि त्याच्याही मधोमध येशू नव्हे, पैशाची थैली धरलेला, येशूला दगा देणारा शिष्य यहुदा. ही मूर्ती उचलून बाजूला काढता येते. काढली की मागे येशूच्या मांडीवर डोकं टेकलेला योहान दिसतो. वेदीच्या पाठीत खिडक्या कोरल्या आहेत, त्यामुळे पश्चिमेचं ऊन मागून येतं आणि चेहऱ्यांच्या कडा उजळतात. सकाळी गेल्यास हे मिळत नाही.

नगरसभागृहाच्या मनोऱ्यावर चढायचं तर २२० पायऱ्या, शेवटी शिडीसारखा जिना आणि बिळाएवढं दार. जाडजूड माणसाने विचार करावा. चौकातल्या घड्याळाच्या खिडक्या दर तासाला उघडतात. एका बाजूला टिली, दुसऱ्या बाजूला सव्वातीन लिटर वाइन एका दमात पिऊन गाव वाचवणारे नगराध्यक्ष नुश. ही दंतकथा आहे, इतिहास नाही, आणि बाहुल्यांच्या हालचाली इतक्या किंचित की जमलेली गर्दी दर वेळी ‘एवढंच?’ म्हणून पांगते. दंतकथेचं नाटक मात्र १८८१ पासूनचं, आणि ते पेंटेकॉस्टच्या सणाला होतं. त्या दिवसांत खोली मिळणं अवघड.

दुसऱ्या रात्री मोठं जेवण. रविवार असेल तर ‘शॉइफेले’ मागवावं: डुकराच्या खांद्याचा, चपट्या हाडासकट तुकडा. कातडीवर शंकरपाळ्यासारख्या चिरा देऊन, मीठ-मिरी-शहाजिरं चोळून, गाजर-कांदा-सेलरीवर ठेवून अडीच-तीन तास मंद भाजतात, वरून काळी बिअर शिंपतात. कातडी कुरकुरीत होण्यासाठी शेवटी आच वाढवून मिठाचं पाणी लावतात. कातडी रबरासारखी लागली तर ताट सकाळी शिजवून पुन्हा गरम केलेलं आहे असं समजावं. बीफ खाणाऱ्यांना ‘झाउरब्राटन’. व्हिनेगर-वाइन, लवंग, तमालपत्र, जुनिपरमध्ये तीन-चार दिवस मुरवलेलं. फ्रँकोनियात त्याचा रस्सा मसालेदार लेबकूखन बिस्किटाचा चुरा घालून दाट करतात, म्हणून तो आंबट-गोड आणि गडद असतो.

दोन्हींसोबत ‘क्लोस’ येतो, मुठीएवढा बटाट्याचा गोळा. कच्चा बटाटा किसून कापडात करकचून पिळायचा, निथळलेल्या पाण्याच्या तळाशी बसलेलं सत्त्व परत किसात घालायचं, उकडलेला बटाटा मिसळायचा, मध्ये लोण्यात परतलेले पावाचे तुकडे भरायचे. मग मीठ घातलेल्या, न खळखळणाऱ्या पाण्यात वीस मिनिटं. पाणी उसळलं की गोळ्याची पेज होते. तो सुरीने कापत नाहीत, काट्याने फोडतात, म्हणजे रस्सा आत शिरतो.

शाकाहारी माणसाची अडचण इथे न दिसणाऱ्या मांसाची आहे. क्लोसवरचा रस्सा मांसाचा. बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं पाणी, आंबट कोबीत चरबी किंवा श्पेकचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे. ‘वेगेटारिश’ एवढं सांगून भागत नाही. ‘ओने श्पेक, ओने फ्लाइशब्र्यूए’, म्हणजे श्पेक नको, मांसाचं पाणी नको, असं नेमकं सांगावं. भरवशाचं म्हणजे ‘केझेश्पेट्स्ले’: अंड्याच्या ताज्या शेवया, वितळलेलं चीज, वर तळलेला कांदा. खरं तर शेजारच्या श्वाबियाचा पदार्थ, पण सगळीकडे मिळतो. ‘ओबात्स्दा’ हे पिकलेलं चीज, लोणी, कांदा, पाप्रिका आणि शहाजिऱ्याचं वाटण राईच्या पावावर चांगलं लागतं. शतावरीचा, म्हणजे ॲस्परॅगसचा, हंगाम चुकवू नये. तो २४ जूनला संपतो.

दिवस तिसरा: खाली, टाउबरकडे

कोबोल्त्सेलर वेशीतून उतारावर निघावं. गाव नदीपेक्षा साठ-एक मीटर उंच आहे, गुडघे दुखत असतील तर हा मार्ग परतीला टाळावा. खाली दुमजली कमानींचा दगडी पूल, चौदाव्या शतकातला, १९४५ मध्ये मोडलेला आणि पुन्हा बांधलेला. नदीकाठाने उत्तरेला निघालं की टोप्लरश्ल्योसशेन लागतं: खाली दगडी खांब, वर त्यापेक्षा रुंद घर. नगराध्यक्ष हाइनरिश टोप्लरने ते १३८८ मध्ये बांधलं. १४०८ मध्ये त्याच्याच गावाने त्याला तुरुंगात घातलं आणि तो तिथेच मेला. आणखी पुढे डेटवांग, रोटेनबुर्गहून जुनं खेडं. तिथल्या चर्चमध्येही रीमेनश्नायडरची वेदी आहे, आणि बहुधा ती एकट्याने बघायला मिळते. सगळं मिळून दोन-अडीच तास, परतीचा चढ धरून.

दुपारच्या जेवणाला ऋतू विचारावा. सप्टेंबर ते एप्रिल, म्हणजे नावात ‘र’ असलेल्या महिन्यांत, जवळच्या आइशग्रुंडच्या तळ्यांतला कार्प मासा मिळतो. उभा चिरून अर्धा मासा पिठात घोळवून भरपूर तळतात. तो ताटाबाहेर येतो. कुरकुरीत शेपूट आणि पर आधी खायचे. काटे दुहेरी फाट्यांचे असतात, घाई करू नये. उन्हाळ्यात कार्प देत असतील तर तो गोठवलेला समजून ट्राउट घ्यावा.

शरद ऋतूत ‘फेडरवाइसर’ मिळते, म्हणजे अजून आंबत असलेला द्राक्षरस, सोबत कांद्याचा केक. तिच्या बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, कारण आत वायू तयार होतच राहतो. बाटली आडवी ठेवली तर पिशवी भिजते. झाकण घट्ट बसवलं तर बाटली फुटते. गोड लागते म्हणून दोन पेले पटकन पोटात जातात आणि रात्र वाईट जाते. मुरलेल्या वाइनमध्ये कोरडी सिल्वानर घ्यावी, फ्रँकोनियाच्या चपट्या बॉक्सबॉयटल बाटलीतली. लाल हवी असेल तर या खोऱ्यातली जुनी, जवळजवळ नामशेष होऊन परत लावलेली टाउबरश्वार्त्स.

मराठी माणसाला सर्वांत जवळचा पदार्थ मात्र ‘ग्र्यूनकेर्न’, आणि फार थोडे प्रवासी तो मागतात. स्पेल्ट गहू दाण्यात चीक असतानाच कापायचा आणि बीचच्या लाकडाच्या धुरावर वाळवायचा: हा गव्हाचा हुरडाच. पावसाने पीक हातचं जाईल म्हणून शेतकरी कच्चंच कापू लागले, अशी त्याची जन्मकथा सांगतात. भट्टीत भाजल्यामुळे पिठाला चिकटपणा उरत नाही, म्हणून त्याचा पाव फुगत नाही. सूप आणि वडे मात्र उत्तम होतात. खानावळीतलं सूप बहुधा मांसाच्या पाण्यातलं असतं, तेव्हा दाणे विकत घेऊन करावं. एक लिटर भाज्यांच्या पाण्याला ६० ग्रॅम भरड, आधी लोण्यात खमंग परतलेली, मग मंद आचेवर पंचवीस मिनिटं, सारखं ढवळत, कारण तळाला लगेच लागते. शेवटी दोन चमचे साय आणि जायफळ. अख्खे दाणे घेतले तर रात्रभर भिजवून कुकरच्या तीन-चार शिट्ट्या.

निघायच्या दिवशी अर्धा दिवस हाती असेल तर श्टाइनाखला गाडी बदलून बाट विंड्सहाइमला उतरावं. तिथल्या खुल्या संग्रहालयात फ्रँकोनियातल्या खेड्यांतून उचलून आणलेली शंभराहून अधिक घरं, गोठे, भट्ट्या आहेत. रोटेनबुर्गमध्ये घरं बाहेरून दिसतात. इथे चुलीपाशी उभं राहता येतं, धुराने काळं झालेलं आढं बघता येतं. ते ऐन हिवाळ्यात बंद असतं. रोटेनबुर्गच्या खानावळीही जानेवारी-फेब्रुवारीत बऱ्याच बंद असतात, आणि रविवारी तटाबाहेरची किराणा दुकानं बंदच. वाटेचा पाव आणि चीज शनिवारीच घेऊन ठेवावं. श्नेबाल नेणार असाल तर पत्र्याच्या डब्यात, हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत घातला तर घरी फक्त चुरा पोहोचतो, जो दुधात घालून बरा लागतो.